पंचेचाळीस गुंठे आणि एक उतार

नॉर्थ कॅरोलायनात रॅलेच्या बाहेर आम्ही घर घेतलं, तेव्हा पहिला फोन बेळगावला केला. बाबांचा पहिला प्रश्न, "जागा किती?" दीड एकर म्हटल्यावर त्यांनी लगेच हिशोब केला. "साठ गुंठे! मग लावणार काय?"

"गवत."

थोडा वेळ फोनवर काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "आणि ते कापून घालणार कुणाला?"

हा प्रश्न मला आजही नीट सुटलेला नाही. पण इथे घराभोवतीचं गवत वाढू देत नाहीत, हे खरं. घर, गाडीची वाट आणि झाडं वजा जाता आमच्याकडे पंचेचाळीस गुंठे गवत उरतं. पहिल्या वर्षी मी २१ इंची ढकलायचं मशीन वापरलं. एकदा कंटाळून गणित मांडलं, तर एका कापणीला साडेआठ किलोमीटर चालणं झालं. पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात, ते धरून नऊ-दहा. एप्रिल-मेमध्ये हे दर आठवड्याला. दुसऱ्या वर्षी माणूस लावला, तर त्याच्या दरात दर हंगामाला भर. म्हणून यंदा ठरवलं, बसून चालवायचं मशीन घ्यायचं. आणि बसायचंच तर झीरो-टर्नवर.

तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. याला स्टिअरिंगचं चाक नसतं. मांडीच्या दोन्ही बाजूंनी दोन दांडे येतात. डावा दांडा मागच्या डाव्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. प्रत्येक चाकाला आपापलं हायड्रोस्टॅटिक गिअर. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले की मशीन सरळ जातं, एक कमी केला की त्या बाजूला वळतं, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन फिरतं. पुढची दोन चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी नुसती फिरणारी. मी बीईला शेवटच्या वर्षी रेषेवरून चालणारा रोबोट केला होता, दोन मोटर आणि पुढे एक कॅस्टर. दुकानात त्या सीटवर बसलो तेव्हा वाटलं, आपला प्रोजेक्ट मोठा होऊन समोर आलाय. आमचा रोबोट परीक्षकांसमोर टेबलावरून खाली पडला होता, हे मात्र त्या वेळी आठवलं नाही.

चार आठवडे मी एक्सेल शीट भरत होतो. मशीनच्या पोटाखाली पाती असलेला जो पत्र्याचा डेक असतो, त्याची रुंदी ४२ इंच घ्यायची की ५० पुढची? मोठा डेक काम लवकर उरकतो, पण उंचसखल जमिनीवर कुठे गवत खरवडतो, कुठे तसंच सोडतो. झाडांच्या मधूनही जात नाही. शिवाय गवत बाहेर फेकणारी पन्हळ बाजूला निघते, तेव्हा कुंपणाचं फाटक मोजताना ती धरूनच मोजा. पत्र्याची जाडी गेजमध्ये लिहितात आणि तिथे आकडा उलटा चालतो: १० गेज म्हणजे साधारण ३.४ मिलिमीटर, १३ गेज म्हणजे २.३. ठोकून एका पत्र्याचा केलेला डेक घरच्या वापराला पुरतो. झाडांची मुळं आणि दगड फार असतील तर जाड पत्रे जोडून केलेला घ्यावा. बॅटरीचं मशीन शांत चालतं, पण महाग पडतं. पेट्रोलवाल्यात हिवाळाभर इथेनॉलमिश्रित पेट्रोल पडून राहिलं की कार्ब्युरेटर चोंदतो, त्यामुळे टाकी रिकामी करा नाहीतर स्टॅबिलायझर घाला. मी ४२ इंची पेट्रोलवालं पक्कं केलं. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास.

पैसे भरायच्या आधल्या आठवड्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन सगळी जागा फिरून आले. इथली माती आपल्या खानापूरसारखीच लाल, चिकट. ती बोटांत चोळत म्हणाले, "माती झकास आहे की. पण मागं ओढ्याकडं उतार आहे. तुझं मशीन तिथं चालतंय काय?"

मी दुकानात विचारलं होतं. तिथला माणूस म्हणाला होता, "काही अडचण नाही, सगळे चालवतात." बाबांनी विचारलं, "पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तिका उघडली. उताराची कमाल मर्यादा १५ अंश. इतर काही मॉडेलांच्या पुस्तिका पाहिल्या, तर काहींत १० सुद्धा होती. मी फोन गवतावर ठेवून अंश पाहिले: एके ठिकाणी १३, दोन हात पलीकडे १७, एकदा २१. बाबा म्हणाले, "तुझा फोन वीतभर जागेचं सांगतोय. आपल्याला उताराचं पाहिजे."

मग आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली. गवंडी लेव्हलला वापरतात तीच पद्धत. नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले. एक टोक वर माझ्या हातात, दुसरं खाली बाबांच्या. आडवं अंतर बरोबर १० फूट. १५ अंश म्हणजे १० फुटांना साधारण २ फूट ८ इंच उतार. आम्ही पाच ठिकाणी मोजलं. सरासरी ३ फूट ४ इंच. म्हणजे अठरा अंशांच्या वर, आणि खाली ओढा.

मी म्हटलं, "तीन अंशांनी काय होतंय? सावकाश चालवीन."

यावर बाबा पायरीवर बसले आणि आबाकाकांची गोष्ट सांगितली. आबाकाका लंगडतात आणि त्याला ट्रॅक्टर कारण, एवढं आम्हा सगळ्या भावंडांना ठाऊक होतं. त्या दिवशी मडगार्डवर बाबा बसले होते, हे मला ठाऊक नव्हतं. पाऊस नुकता थांबलेला, बांधाकडेची जागा रोजच्या वहिवाटीची. मागचं चाक घसरलं. बाबांनी उडी मारली, आबाकाकांना मारता आली नाही. "रोज तिथनंच जायचो रे," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी शीट बाजूला ठेवली आणि माझ्या प्रोजेक्टच्या अंगाने विचार केला. झीरो-टर्नमध्ये वेग, वळण आणि ब्रेक ही तिन्ही कामं मागची दोन चाकं करतात. ओल्या गवतावर त्यांची पकड सुटली की तिन्ही एकदम जातात. पुढची चाकं नुसती फिरणारी, ती उताराकडेच वळतात. स्टिअरिंगच्या लॉन ट्रॅक्टरला निदान पुढच्या चाकांनी दिशा देता येते, अर्थात त्यालाही उताराची मर्यादा असतेच. काही मशीनना पाठीमागे, मशीन उलटलं तर चालवणाऱ्याला वाचवणारी कमान असते. ती उभी असेल तर पट्टा बांधायचाच, आणि दुमडलेली असेल तर बांधायचा नाही. मी निवडलेल्या मशीनला ती कमानच नव्हती. शीटमध्ये कप ठेवायच्या खाचेलासुद्धा रकाना होता, उताराला नव्हता.

शेवटी मशीन तेच घेतलं, पण फक्त वरच्या सपाट जागेसाठी. बाबांनी उताराच्या अलीकडे मशीनच्या दोन रुंद्यांएवढी जागा सोडून केशरी झेंड्या रोवल्या. त्यापलीकडचे सहा गुंठे आता वर्षातून दोनदा हाताच्या ट्रिमरने कापायचे, एरवी वाढू द्यायचे.

पहिल्या दिवशी मी जागच्या जागी फिरवून दाखवण्याच्या नादात एक चाक थांबवून वळलो आणि थाळीएवढं गवत मुळासकट उपटलं. वळताना दोन्ही चाकं हलती ठेवायची किंवा थोडं मागे घेऊन वळायचं, हे नंतर समजलं. बाबा दुसऱ्या आठवड्यात शिकले. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे पट्टे माझ्यापेक्षा सरळ येतात, हे आई बेळगावात सगळ्यांना सांगून मोकळी झाली आहे.

भांडण झालं ते माझ्या पाच वर्षांच्या मुलीवरून. तिला आजोबांच्या मांडीवर बसून एक चक्कर हवी होती. मी लहानपणी गावाकडे ट्रॅक्टरवर बसलेलो, त्यामुळे खरं तर मीच विरघळलो होतो. पात्यांच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास. इथली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, ढकलायचं मशीन बारा वर्षांच्या आधी नाही, बसायचं सोळाच्या आधी नाही, आणि मांडीवर बसवून चक्कर कधीच नाही. बाबांनी आकडे ऐकलेसुद्धा नाहीत. "मी बसवणार नाही," म्हणाले. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आता मशीन सुरू व्हायच्या आधी तिने घरात जायचं आणि खिडकीतून पट्टे मोजायचे, असं ठरलंय. मोजण्यात ती पक्की फसवते.

जुलैपर्यंत उतारावरचं गवत माझ्या कमरेला लागलं. शेजारी कुंपणाशी येऊन म्हणाला, मशीन बिघडलंय का, माझं नेऊ का? त्याचाही उतार त्याच ओढ्याकडे जातो, आणि तो दर शनिवारी त्यावर झीरो-टर्न आडवं चालवतो. मी त्याला अठरा अंशांचं सांगितलं. तो हसला, म्हणाला, माझा एवढा नसेल.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. त्याला पाण्याची नळी हवी होती, आणि दुसरं टोक धरायला बाबा.