हिमालयातला हुलसन साहेब!

हर्षिल माहीत आहे का? नाव ऐकलं नसेल, पण पाहिलंय नक्की! 'राम तेरी गंगा मैली'मधली मंदाकिनी आठवा. (आठवली ना? पटकन!) 1985च्या त्या सिनेमाचं शूटिंग इथलंच. गंगोत्रीच्या अलीकडे साधारण 25 किलोमीटरवर हे गाव आहे. पण इथला ओरिजिनल हीरो राज कपूरच्या युनिटच्या शंभरेक वर्षं आधीच येऊन गेला होता.

नाव फ्रेडरिक विल्सन. मूळ गाव यॉर्कशायरमध्ये, मुक्काम पोस्ट गढवाल! फौजी म्हणून हिंदुस्थानात आला, फौज सुटली आणि गडी थेट डोंगरात. इंग्रजांनी त्याला 'पहाडी विल्सन' केलं, गावकऱ्यांनी 'हुलसन साहेब'.

पहिला स्टार्टअप? शिकार! कस्तुरीमृगाची कस्तुरी आणि मोनाल पक्ष्याची झगमगीत पिसं. आज हेच केलं तर थेट जेल. तेव्हा रोख कमाई.

मग सापडला जॅकपॉट. 1853मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि देशभर रुळांचं जाळं पसरू लागलं. रुळांखाली हवेत लाकडी स्लीपर. हुलसन साहेबांच्या दारात काय? देवदारच देवदार! टिहरीच्या राजाकडून ठेका घेतला, झाडं पाडली. पण डोंगरातून खाली न्यायची कशी, रस्ता कुठाय? ओंडके दिले भागीरथीत सोडून, खाली हरिद्वारला घेतले अडवून. ट्रान्सपोर्टचा खर्च गंगामाईच्या खात्यावर! साहेब मालामाल, जंगल कंगाल. या धंद्याचं कौतुक जरा बेतानंच करावं, हे आमचं मत.

पैसा इतका, की साहेबांनी स्वतःचे टोकन-रुपये काढले. माहीत आहे का, ते आसपासच्या बाजारात चालायचेही!

आता लव्हस्टोरी. पहिली बायको रायमत्ता, तिला मूल झालं नाही. दुसरी गुलाबी. हर्षिलची थंडी गुलाबी, घरधनीणही गुलाबी! तिचं माहेर नदीपलीकडचं मुखबा. गंगोत्रीचं देऊळ दिवाळीनंतर बंद झालं की गंगामाईची मूर्ती हिवाळाभर याच गावात मुक्कामाला असते. नॅथॅनिएल, चार्ल्स आणि हेन्री ही विल्सनची तीन मुलं. यॉर्कशायरचा बाप, पहाडी आई, १९व्या शतकातलं क्रॉस-कनेक्शन!

थोडं हॉरर चालेल? विल्सननं जाडगंगेच्या भयाण दरीवर झुलता पूल टाकला. यात्रेकरूंचे पाय लटपटू लागले, तेव्हा त्यानं म्हणे स्वतः घोडा दौडवत पूल ओलांडून दाखवला. पूल केव्हाच गेला. पौर्णिमेच्या रात्री टापा मात्र अजून ऐकू येतात, असं लोक सांगतात. (रात्री तपासायला कोण जाणार? तुम्ही व्हा पुढे!)

किपलिंगच्या 'द मॅन हू वुड बी किंग'मागे हाच विल्सन असल्याचीही चर्चा आहे. खरंखोटं किपलिंगच जाणे.

1883मध्ये साहेब गेले. मसुरीच्या कॅमल्स बॅक रोडवरच्या कबरस्तानात त्यांची कबर आहे, शेजारीच गुलाबीची. हर्षिलचा देवदारी बंगला 1997मध्ये आगीत खाक झाला.

मग खोऱ्यात उरलं काय? सफरचंद! इथे सफरचंदाची लागवड आणली ती विल्सननं, आणि 'विल्सन' नावाचं सफरचंद इथे आजही मिळतं. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात गंगोत्रीला निघालात, तर हर्षिलला गाडी थांबवा आणि दोन किलो घेऊनच पुढे व्हा. सोबत तिथला राजमाही घ्या, तोही फेमस आहे!