डोलोरेस मिशन : बेकरीतली शुश्रूषा

लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागातील डोलोरेस मिशन हा जेझुइट धर्मगुरू सांभाळत असलेला धर्मग्राम मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा. १९८६ मध्ये फादर ग्रेग बॉइल येथे प्रमुख धर्मगुरू म्हणून आले, तेव्हा आसपासच्या वस्त्या टोळीयुद्धाने होरपळत होत्या. १९८८ मध्ये धर्मग्रामातील लोकांना बरोबर घेऊन त्यांनी टोळ्यांतील मुलांसाठी रोजगार-योजना सुरू केली. बेघर स्थलांतरितांना चर्चमध्येच रात्रीचा निवारा मिळू लागला. त्याच रोजगार-योजनेतून १९९२ मध्ये बेकरी निघाली. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले तरुण तिथे शेजारी उभे राहून पीठ मळू लागले; या कामाचे खरे मोल इथेच आहे. यातूनच वाढलेली ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ ही संस्था चेहऱ्यावरचे, मानेवरचे टोळीचे गोंदण लेझरने विनामूल्य काढून देते, कारण ते दिसले की नोकरी मिळणे अवघड होते.