इंग्रजीला बारा काळ नाहीत

तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा. हा तक्ता आपल्याकडे इतका रुजला आहे की इंग्रजीचे शिक्षकही त्यावर शंका घेत नाहीत. पण भाषाशास्त्राच्या काटेकोर अर्थाने इंग्रजीत टेन्स दोनच: वर्तमान आणि भूत. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ मधल्या विस्तृत व्याकरणातही अशीच मांडणी आहे.

टेन्स म्हणजे क्रियापदाचं रूप. 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, पण मराठीत 'चालेल' होतं तसं भविष्याचं रूप इंग्रजी क्रियापदाला नाही. 'विल' हे कॅन, मे, मस्ट यांच्याच पंक्तीतलं मोडल, म्हणजे सहायक क्रियापद. दार वाजल्यावर 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात, तेव्हा तो आत्ताचाच अंदाज असतो. शिवाय रूप आणि प्रत्यक्ष वेळ यांची जोडी पक्की नसते. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो' यात रूप वर्तमानाचं, गाडी उद्याची. 'इफ आय हॅड मनी नाउ' यात रूप भूताचं, गोष्ट या घडीची.

मग कंटिन्यूअस आणि परफेक्ट कोण? ते ॲस्पेक्ट. घटनेकडे बोलणारा कसा पाहतो, ती चालू आहे की तिचा धागा पुढच्या एखाद्या क्षणाशी जोडलेला आहे, हे त्यातून कळतं. हा फरक वर्गात फार कामाचा आहे. 'मी त्याला काल पाहिलं आहे' हे मराठीत चालतं, म्हणून मुलं 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' लिहितात. परफेक्ट म्हणजे 'पूर्ण झालेली क्रिया' एवढंच सांगितलं असेल, तर यात काय चुकलं हे मुलाला कळणारच नाही. 'आय सॉ हिम' मधली क्रियाही पूर्णच झालेली असते. प्रेझेंट परफेक्ट आजशी नातं ठेवतो, म्हणून त्याला संपलेला 'काल' सहसा चालत नाही, हे सांगितलं की गाठ सुटते. तक्ता जरूर पाठ करून घ्यावा, फक्त त्यातल्या बारा घरांना बारा काळ म्हणू नये.

दुसरा गैरसमज चुकांबद्दलचा: सगळ्या चुका सारख्याच. भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये 'मिस्टेक' आणि 'एरर' वेगळे केले. घाईत 's' राहिला आणि दाखवताच मुलाने स्वतः दुरुस्त केला, तर ती मिस्टेक. 'ही गोएड' पुन्हा पुन्हा येत असेल तर ती एरर, आणि तिच्यामागे 'एड' लावण्याचा नियम मुलाच्या मनात तयार झाल्याची खूण असते. दोन्हींवर सारखीच लाल रेघ मारली की ही खूण हातची जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

इंग्रजीत स्वर पाच, हाही गैरसमजच. पाच आहेत ती स्वराक्षरं; प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी साधारण वीस मोजतात. म्हणूनच 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' यांत 'अ' की 'ॲन' हे ध्वनीवर ठरतं, अक्षरावर नाही.

आणि 'कम्युनिकेटिव्ह' पद्धतीने शिकवणं म्हणजे व्याकरणाला सुट्टी, ही समजूत तर सर्वांत घातक. भाषाशिक्षणाचे अभ्यासक कनाल आणि स्वेन यांनी १९८० मध्ये संवादक्षमतेचे घटक सांगितले, त्यांत व्याकरणक्षमता आहेच. आपल्या देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांमध्ये वेळापत्रकं, नकाशे अशा कामांमधून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. तिथे व्याकरणाचे नियम आखून शिकवले जात नव्हते. तरीही प्रभूंचा हेतू मुलांना व्याकरण यावं हाच होता. अर्थाकडे लक्ष गुंतलं की ते अधिक चांगलं घडतं, असं त्यांचं म्हणणं होतं.