विश्लेषण : थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार दिवस का महत्त्वाचे?

थायरॉइड ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया आज सुरक्षित मानली जाते. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. मात्र तिची सर्वांत नेहमीची गुंतागुंत अनेकदा घरी पोहोचल्यावरच जाणवते आणि ‘अशक्तपणा असेल’ म्हणून अंगावर काढली जाते.

ग्रंथी का काढावी लागते?
कर्करोग किंवा त्याचा संशय, श्वासनलिकेवर दाब आणणारा गलगंड, औषधांनी आटोक्यात न येणारा हायपरथायरॉइडिझम ही प्रमुख कारणे. गरजेनुसार अर्धी किंवा संपूर्ण ग्रंथी काढतात. एकोणिसाव्या शतकात ही शस्त्रक्रिया जिवावर बेतत असे. स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांनी तिचा मृत्युदर एक टक्क्याखाली आणला. थायरॉइडवरील कामासाठी त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळाले. आता मुख्य प्रश्न असतो तो ग्रंथीला चिकटून असलेल्या नाजूक भागांना धक्का न लागण्याचा.

हातापायांना मुंग्या का येतात?
थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला तर कॅल्शियम घसरते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत खाली जाते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या दर चार-पाच रुग्णांपैकी एकाला हा त्रास तात्पुरता होतो, कायमचा मोजक्यांनाच. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, हातापायांत गोळे येणे ही लक्षणे. दुर्लक्ष झाल्यास झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी लगेच डॉक्टरांना कळवून कॅल्शियमची रक्ततपासणी करावी.

आवाज बसला तर?
स्वरयंत्राच्या नसा थायरॉइडला लागूनच जातात. त्यातील एक दुखावली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. कायमची इजा शंभरात साधारण एकाला होते. दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्यास श्वास घेणे कठीण होते, पण हे क्वचित घडते.

सर्वांत तातडीचा धोका कोणता?
मानेत आतल्या आत रक्तस्राव. शंभरात एक-दोघांना होणारा हा प्रकार बहुधा पहिल्या २४ तासांत घडतो. मान झपाट्याने सुजणे, घट्ट वाटणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालयात असाल तर परिचारिकेला हाक मारा, घरी असाल तर १०८ वर फोन करा. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

गोळ्या कशा घ्यायच्या?
संपूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर लागते. ती सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेतली तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून मात्रा ठरवली जाते.

आधी काय विचारावे?
डॉक्टर वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे विचारण्यात संकोच नको. वर्षाला २५ हून अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली, असे २०१७ मधील एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले. अर्धी ग्रंथी काढून भागेल का, कॅल्शियम कधी तपासणार, रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा, हेही विचारून ठेवावे. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून गावी परतणाऱ्यांनी शक्यतो पहिले चार दिवस रुग्णालयाजवळ मुक्काम करावा, किंवा गावाजवळ कॅल्शियमची तपासणी कुठे होते याची आधीच चौकशी करावी.