ब्रँडेड डिग्री की माटुंग्याचा पास?

गेल्या जूनमधली रविवार सकाळ. मीरा रोडचा आमचा वन बीएचके, टेबलावर कांदेपोहे गार होताहेत आणि बाबा कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत. धाकट्या बहिणीचा सीईटीचा निकाल लागला होता. समोर एका चकाचक खासगी कॉलेजचं ब्रोशर. कम्प्युटरची सीट, एसी क्लासरूम, झकास जिम. फी? वर्षाला चार लाखांच्या वर. बाबा म्हणाले, ‘‘पीएफमधून काढू. होईल काहीतरी.’’

हे ‘होईल काहीतरी’ मी आधीही ऐकलं होतं, माझ्या मास कॉमच्या वेळी. मीही अशाच एका पॉश इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. कॅण्टीन सॉलिड होतं, पण एज्युकेशन लोन अजून फेडतेय. आणि गंमत म्हणजे फ्रीलान्सरच्या पगाराला तारीख नसते, ईएमआयला असते!

दुसऱ्याच दिवशी बहिणीला घेऊन माटुंगा गाठलं. दादरला उतरायचं, सेंट्रलने एकच स्टेशन. व्हीजेटीआय १८८७ साली भायखळ्यात सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून. १९२३ मध्ये ते माटुंग्याला आलं. फी वर्षाला साधारण लाखाच्या आसपास. जवळच आयसीटी, म्हणजे १९३३ साली सुरू झालेलं जुनं यूडीसीटी. रघुनाथ माशेलकर, डॉ. रेड्डीज लॅबचे अंजी रेड्डी आणि मुकेश अंबानी, तिघेही इथलेच विद्यार्थी.

आणि ऑफिस सांभाळून एमबीएची स्वप्नं पाहताय ना? मग चर्चगेटचं जमनालाल बजाज आठवा. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने ते सुरू केलं. उदय कोटक तिथलेच. शहरातल्या बड्या खासगी बी-स्कूल्सची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे जाते, बजाजची त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास.

मग सगळे तिकडेच का जात नाहीत? कारण सीट मोजक्या आणि कटऑफ डोळे पांढरे करणारा. व्हीजेटीआयच्या कम्प्युटरला ओपनमधून ९९ पर्सेंटाइलच्याही वर लागतात. शिवाय सरकारी कारभार म्हणजे सगळं आलबेल असं नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पेपर तपासणी ऑनलाइन केली आणि निकाल कित्येक महिने रखडले, हे विसरून चालणार नाही.

बहिणीला कम्प्युटर मिळणार नव्हतं, सिव्हिल मिळू शकत होतं. परतीच्या भाईंदर लोकलमध्ये तिने विचारलं, ‘‘ताई, ब्रँच बघू की कॉलेज?’’ खरं सांगते, माझ्याकडे रेडिमेड उत्तर नव्हतं. ब्रँच चार वर्षं रोज शिकायची असते, तिचा कंटाळा येणार असेल तर कॉलेजचं नाव कामाला येत नाही. मी एवढंच म्हटलं, ‘‘सिव्हिल आवडणारच नसेल तर नको. पण फक्त ब्रोशर बघून कम्प्युटर घेऊ नकोस.’’ तिने दोन दिवस घेतले. मग स्वतःच कॅपच्या फॉर्ममध्ये सिव्हिल टाकलं.

तुमच्या घरात बहीण बारावीला असेल तर एक टिप. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा खासगी अभिमत विद्यापीठात हा फायदा नाही. म्हणजे चेक फाडण्याआधी जीआर वाचा!

आता बहीण रोज सकाळी सवलतीचा पास घेऊन गर्दीत शिरते. एसी क्लासरूम नाही, जिम तर नाहीच. पण बाबांचा पीएफ जागच्या जागी आहे. आणि रविवारचे पोहे आम्ही गरमागरम खातो.