काळोखाची गोडी, हसण्याची ओढ

दिवाळी हा दिव्यांचा सण असला, तरी दिवाळी अंकांच्या ढिगात भुताखेतांना आणि खुनांनाही मानाची जागा असते. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ‘आवाज’ विनोदासाठी ओळखला जातो, तर ‘धनंजय’ रहस्यकथा-भयकथांसाठी. अनंत अंतरकरांनी तर ‘हंस’च्या जोडीला विनोदासाठी ‘मोहिनी’ आणि अद्भुत-गूढासाठी ‘नवल’ अशी वेगळी मासिकेच काढली. यावरून वाचकांच्या दोन जाती असतात, एक हसणारी आणि एक काळोखात रमणारी, असा समज सहज होतो. पण ‘आवाज’मधली खिडकीचित्रे पाहा. मिटलेल्या पानातल्या खिडकीतून जे दिसते त्यावरून मन चावट तर्क करते आणि पान उलगडले की भलतेच निरागस काहीतरी निघते. रहस्यकथाही हेच करते: थोडे दाखवते, बरेच लपवते आणि अंदाज चुकवते. फरक इतकाच, की एकीकडे अंदाज चुकल्यावर हायसे वाटते, दुसरीकडे अंगावर काटा येतो.

मग मुद्दाम काटा आणून घेण्यात सुख कसले? रसशास्त्राचा आचार्य अभिनवगुप्त याचे उत्तर असे, की कलेतला भाव माझा किंवा तुझा राहत नाही, तो सर्वांचा होतो, आणि म्हणून शोकाचाही आस्वाद घेता येतो. बाराव्या शतकातल्या ‘नाट्यदर्पण’च्या कर्त्यांना, रामचंद्र-गुणचंद्रांना, हे पटले नाही. रस सुखाचेही असतात आणि दुःखाचेही, असे त्यांनी बजावले. हा आक्षेप झटकण्याजोगा नाही. करुण कथा सोसवत नाही म्हणून पुस्तक मिटणारे वाचक आहेतच. पण दोन्ही मते जुळवता येतात. आपले आयुष्य आणि कथेतले आयुष्य यांत अंतर असेल, तर दुःखाचा आस्वाद मिळतो. ते अंतर मिटले, की उरते नुसते दुःख. घरात आजारपण असताना रुग्णालयाची कथा नकोशी होते, हे कमकुवत अभिरुचीचे लक्षण नव्हे. काहींचा मूळ स्वभावच हळवा असतो हे खरे, तरी एकाच माणसाची आवड वयाप्रमाणे आणि दिवसांप्रमाणे पालटते, याचा उलगडा स्वभावातून होत नाही.

राहिला वजनाचा प्रश्न. काळोखी तेवढे खोल आणि हसरे ते उथळ, हा समज आपल्याकडे चिवट आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ला जाहीर झाला, तसा त्याआधी पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’लाही मिळाला होता. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा जगाला टोमणे मारत हसवतो. पण त्या टोमण्यांच्या आड त्याचे दारिद्र्य आणि एकटेपण लपत नाही. उलट, नियतीच्या क्रूर खेळाचे कथाकार म्हणून ओळखले जाणारे जी. ए. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’मध्ये मिश्कीलपणे माणसे रंगवतात. आणि ‘प्रिय जी. ए.’ या संग्रहातली त्यांना लिहिलेली पत्रे कुणाची? पु. लं.च्या पत्नी सुनीताबाईंची. लेखकांना आणि जाणत्या वाचकांना जी भिंत अडवत नाही, ती आपणच का उभारावी? कुणाला पुस्तक सुचवताना त्याची आवड गंभीर की हलकी हे विचारण्याआधी, सध्या त्याचे कसे चालले आहे, एवढे विचारले तरी निवड सहसा चुकणार नाही.