विटेवर थांबलेला देव

आषाढी एकादशीला पंढरीचा कळस दृष्टीस पडावा, ही प्रत्येक वारकऱ्याची आस असते. पण त्या कळसाकडे पाठ करून रात्रंदिवस राबणारेही काही सेवेकरी असतात.

सकाळी दिंडी मार्गस्थ होते आणि तंबू, शिधा, भांडी, वळकट्या घेऊन मालमोटारी पुढच्या मुक्कामी निघतात. वारकरी पोहोचण्यापूर्वी राहुटी उभी हवी, पाण्याचा टँकर आलेला हवा, चूल पेटलेली हवी. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिचाच हा विस्तार होय.

१९४८ साली सुरू झालेली एस.टी. या यात्रेसाठी हजारो जादा गाड्या सोडते. २०२० साली महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही, तेव्हा माउलींच्या पादुकाही एस.टी.नेच पंढरीस गेल्या. यात्रेच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक उभा असतो. कोणत्या गावचे प्रवासी खोळंबले, कोणती गाडी लावावी, कोणत्या थकलेल्या चालकास विश्रांती द्यावी, याचा मेळ घालता घालता एकादशी सरते. द्वादशीला परतीची गर्दी लोटते आणि हाकेच्या अंतरावरील दर्शन राहून जाते.

मातापित्यांच्या सेवेत खंड नको म्हणून पुंडलिकाने देवाला विटेवर थांबविले. कर्तव्यासाठी देवाला थांबविणाऱ्यांवर पांडुरंग कधी रुसत नाही. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी प्रसादाचे चार चुरमुरे त्या नियंत्रकाच्या हातावर अवश्य ठेवावेत. त्याची वारी तेवढ्याने पूर्ण होईल.